वाड्यात सापडलेली जुनी ऑटोमॅटिक रायफल: ओळख कशी पटवायची, काळ कसा ठरवायचा

आजोबा जातात, वर्षश्राद्ध होतं, वाटण्या निघतात आणि मग कोणीतरी माळ्यावरची संदूक उघडतं. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी वाडे असोत की यवतमाळ-अमरावतीकडचे देशमुखी, पुढचा प्रकार सगळीकडे सारखाच. फोनवर फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, "भाऊ, हे तं सव्वाशे वर्षांची हाय नं? लोखंडावर १९०१ लिवलं हाय."

ती सव्वाशे वर्षांची असेलच असं नाही, आणि फोटो येईपर्यंत बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेलं असतं. कोणी पॉलिश पेपर मारलेला असतो, कोणी पेटंटची तारीख जन्मतारीख धरलेली असते, कोणी विकणाऱ्या दुकानाचं नाव कारखान्याचं समजून परवान्यावर चढवलेलं असतं. या तिन्ही चुका पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे होतात. लोक नंबरापासून सुरुवात करतात. नंबर शेवटी पाहायचा असतो.

खालचा क्रम सोडू नका. एखाद्या पायरीवर अडलात तर तिथेच थांबा.

तयारी: काय जवळ ठेवायचं

एक जाड सुती चादर किंवा धुतलेलं गोणपाट, चांगली बॅटरी, भिंग, वही-पेन्सिल, मऊ टूथब्रश, पांढरा खडू, शिंप्याकडची मोजपट्टी आणि कॅमेऱ्याचा फोन. तेल, रॉकेल, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, लिंबू, चिंच यातलं काहीही जवळ ठेवू नका. जवळ असलं की हात जातोच.

काम सकाळी करा, ओसरीवर, तिरपं ऊन येतं तिथे. झिजलेली अक्षरं डोक्यावरच्या उन्हात दिसत नाहीत, तिरप्या उजेडात उठून येतात. पोरंबाळं आणि बघ्यांना लांब ठेवा.

पायरी १: आधी कागद, मग लोखंड

संदुकीत रायफल दिसली की ती उचलण्याआधी परवान्याचं पुस्तक शोधा. ते बहुधा सातबाऱ्याच्या, फेरफाराच्या कागदांत किंवा जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात असतं. त्यात तीन गोष्टी पाहा: परवाना कोणाच्या नावावर आहे, शेवटचं नूतनीकरण कधीचं आहे आणि शस्त्राच्या वर्णनात बनावट, बोर (नळीच्या आतल्या भोकाचं माप) व नंबर काय लिहिलाय.

परवानाधारक हयात असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच हातून आणि त्याच्याच समोर करा. तो वारला असेल किंवा परवान्याची मुदत संपली असेल, तर रायफल घरात ठेवण्याचा हक्क संपलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. ठाणेदाराला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोचवर नंबर लिहिलाय का ते तिथेच वाचा. जमा केल्याने हक्क बुडत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मागण्याची तरतूद आहे. धारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर त्याच्या हयातीतही वारस अर्ज करू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून कोणत्या भावाच्या नावे अर्ज करायचा हे घरात आधी ठरवा.

परवाना मुळातच सापडत नसेल तर रायफल जिथे आहे तिथेच राहू द्या आणि पोलिसांना कळवा. ती विहिरीत टाकणं, वावरात पुरणं, पाहुण्याकडे ठेवायला देणं हे मार्ग सुचवणारी माणसं घरोघरी असतात. त्यांचं ऐकू नका. विनापरवाना शस्त्राला २ ते ५ वर्षं शिक्षा आहे, प्रतिबंधित शस्त्राला ७ ते १४ वर्षं. आणि सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, रायफल नियमांच्या पहिल्या परिशिष्टात वर्ग १ मध्ये मोडते. म्हणूनच तिची ओळख अचूक पटवणं हौसेपुरतं राहत नाही. साध्या दुनळीचा मामला आणि हिचा मामला वेगळा. जिल्हाधिकारी कार्यालयात जाण्याआधी हे काम जाणणाऱ्या वकिलाशी एकदा बोलाच.

तपासा: परवाना हातात आहे, मुदत चालू आहे, धारक समोर बसलाय. तिन्ही 'हो' असेल तरच पुढे.

पायरी २: रिकामी आहे याची खात्री

"आबांनी पन्नास वर्षं हात नाही लावला" हे कारण चालत नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी ती भरलेलीच ठेवली असेल.

नळीचं तोंड भिंतीकडे नको, पलीकडे माणसं असतात. ते अंगणातल्या मातीकडे ठेवा. बोट चापापासून लांब. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, निघत असेल तर आधी ते काढा. मग बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता लोखंडी भाग) मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) बॅटरीने पाहा आणि करंगळीने चाचपा. एकदा करून थांबू नका, पुन्हा करा.

तीन ठिकाणी लोक फसतात:

काही रायफलींचं मॅगझिन निघतच नाही, ते खालून पक्कं असतं. तिथे बोल्ट मागे ओढून आत खोलवर पाहावं लागतं.

काही .२२ रायफलींमध्ये गोळ्या दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या) आत, लांब पितळी नळीत असतात. बाहेरून रायफल पूर्ण रिकामी दिसते. दस्त्याच्या टाचेशी त्या नळीचं टोक असतं. ते फिरवून नळी बाहेर ओढायची आणि रायफल तिरपी करून आत अडकलेली गोळी पडू द्यायची.

विंचेस्टर या अमेरिकन कारखान्याच्या जुन्या सेल्फ-लोडिंग, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, रायफलींना बाजूला मूठ नसते. नळीखाली, पुढच्या लाकडाच्या तोंडाशी एक दांडी असते, ती मागे दाबली की बोल्ट मागे जातो. ही दांडी नळीच्या तोंडापासून जवळ असल्यामुळे दाबताना तळवा तोंडासमोर येतो. हात बाजूने धरा, तोंडासमोर येऊ देऊ नका.

बोल्ट हलत नसेल तर थांबा. हातोडी नाही, गरम पाणी नाही, रॉकेलात बुडवणं नाही. आत काडतूस अडकलं असेल तर ते काढणं परवानाधारक आर्मोररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं, काम आहे.

पायरी ३: न पुसता फोटो

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

उमरेडकडच्या एका घरी मी गेलो तेव्हा रायफल चकाकत होती. धाकट्या मुलाने दोन दिवस पॉलिश पेपर मारला होता, आजोबांची वस्तू नीट दिसावी म्हणून. मनापासून केलेलं काम होतं. पण नळीच्या बुडाशी प्रूफच्या, म्हणजे नळीच्या तपासणीच्या, शिक्क्यातला मुकुट फक्त सावलीसारखा उरला होता आणि नंबरातले मधले दोन आकडे भिंगाखालीही वाचता येत नव्हते. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा नंबर किंवा खूण घासणं, मिटवणं, बदलणं हा गुन्हा आहे. "स्वच्छ करत होतो" हे सांगून पटवणं किती अवघड जातं ते त्या घराने पुढे वर्षभर पाहिलं.

म्हणून जशी आहे तशीच चादरीवर ठेवा. पूर्ण डावी बाजू, पूर्ण उजवी, वरून, खालून. मग जवळून: नळीवरची प्रत्येक ओळ, मधला लोखंडी भाग म्हणजे रिसीव्हर, दस्त्याची टाच, माशी (नेम धरायची पुढची खूण), चापाभोवतीचं कडं. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. हे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका.

गंजाकडेही नीट पाहा. आपल्याकडे चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या खोळीत रायफल ठेवायची पद्धत होती. पावसाळ्यात खोळ ओल धरते, आणि खोळीच्या शिवणीची, बकलाची रेघ लोखंडावर गंजाने उमटते. साकोलीकडच्या एका रायफलीवर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन इतका स्वच्छ उमटला होता की घरच्यांना तो कारखान्याचा शिक्का वाटला. शिक्का लोखंडात ठोकलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात. गंजाची खूण खरबरीत आणि कडांना विरलेली असते. नख फिरवा, फरक कळतो.

पायरी ४: ही खरोखर सेमी-ऑटोमॅटिक रायफलच आहे का?

गावात 'ऑटोमॅटिक' हा शब्द कशालाही लावतात. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये जातं. मधे हाताने काही करावं लागत नाही.

आधी नळीत पाहा. बोल्ट मागे ठेवून चेंबरजवळ पांढरा कागद धरा, त्यावर बॅटरी मारा आणि तोंडाकडून आत बघा. आत पिळाच्या खाचा दिसल्या तर रायफल. आरशासारखी गुळगुळीत नळी असेल तर ती छऱ्याची बंदूक, नाव काहीही असो.

इथे एक गफलत वारंवार होते. ब्राउनिंगची ऑटो-५ ही बारा बोरची छऱ्याची बंदूक बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्यात १९०३ पासून बनत होती. तिची पाठ मागे एकदम चौकोनी तुटते, जणू कुबड. अमेरिकेतल्या रेमिंग्टन कारखान्याची मॉडेल ८ ही रायफल त्याच जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेली, चालही तीच: गोळी सुटली की नळीसकट बोल्ट मागे येतो. त्यामुळे दोन्ही बहिणी वाटतात आणि नीट न पाहता एकीचं नाव दुसरीला दिलं जातं. नळीच्या तोंडात अंगठा जवळजवळ शिरत असेल तर ती बारा बोर आहे.

दुसरी गफलत हाताने चालणाऱ्या रायफलींची. चापाखाली मोठं कडं खालीवर होत असेल तर लिव्हर. पुढचं लाकूड मागेपुढे सरकत असेल तर पंप. उजवीकडची मूठ वर उचलून मग मागे ओढावी लागत असेल तर साधी बोल्ट रायफल. इशापूरच्या कारखान्याची .३१५ अशीच आहे आणि आपल्याकडे ती पुष्कळ घरांत आहे. ती सेमी-ऑटोमॅटिक नाही.

तपासा: खाचा आहेत, लिव्हर नाही, लाकूड सरकत नाही, मूठ वर उचलावी लागत नाही. आता पुढे.

पायरी ५: घडणीवरून घराणं

अक्षरं वाचण्याआधी अंग पाहा. अक्षरं झिजतात, घडण झिजत नाही. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या शिकारी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची मोठी घराणी थोडीच आहेत.

रेमिंग्टन मॉडेल ८. नळी नेहमीपेक्षा जाड दिसते, कारण खरी नळी बाहेरच्या लोखंडी आवरणात मागेपुढे सरकते. उजवीकडे बोल्टची छोटी मूठ, त्याच बाजूला सेफ्टीची लांब पट्टी, मॅगझिन खाली पक्कं. १९०६ मध्ये बाजारात आली तेव्हा नाव फक्त 'ऑटोलोडिंग रायफल' होतं; 'मॉडेल ८' हे नाव १९११ पासून. १९३६ मध्ये तिची जागा मॉडेल ८१ ने घेतली, ती १९५० पर्यंत चालली. ८ चं लाकूड सडपातळ आणि दस्ता सरळ. ८१ चं लाकूड भरदार आणि हाताशी पिस्तुलासारखं वळलेलं.

विंचेस्टर १९०५, १९०७, १९१०. तिघी दिसायला जवळजवळ सारख्या. नळीखालची ती दांडी, खालून निघणारं मॅगझिन, आणि आकाराच्या मानाने जास्त वजन. बोल्टला जोडलेला लोखंडाचा जड तुकडा पुढच्या लाकडात लपलेला असतो, म्हणून हातात घेतल्यावर ती पुढून भारी लागते. तिघींत फरक बोरचा आहे, तो पायरी ७ मध्ये. १९०५ चं उत्पादन १९२० मध्ये थांबलं, १९१० चं १९३६ मध्ये. १९०७ मात्र १९५० च्या दशकापर्यंत बनत राहिली. म्हणजे या मॉडेलची रायफल १९४८ ची असू शकते.

विंचेस्टर १९०३ आणि ६३. दोन्ही .२२, गोळ्यांची नळी दस्त्यात, दांडी पुढे. १९०३ ही १९३२ पर्यंत बनली, ६३ तिच्या मागून १९३३ ते १९५८.

ब्राउनिंगची .२२. अगदी हलकी, हातात खेळण्यासारखी. गोळ्या दस्त्यात, पुंगळी खालच्या बाजूने पडते, नळी फिरवून रायफलीचे दोन तुकडे होतात. एफ.एन. ने ती १९१४ पासून बनवली. अमेरिकेत हीच घडण रेमिंग्टनने आधी मॉडेल २४ म्हणून १९२२ पासून आणि मग मॉडेल २४१ म्हणून १९३५ पासून १९५१ पर्यंत काढली. नळीवर जपान लिहिलं असेल तर ती १९७० च्या दशकाच्या आधीची नाही.

यातली एकही घडण जुळत नसेल, तर रायफल दुसऱ्या महायुद्धानंतरची असण्याची शक्यता मोठी. रेमिंग्टन ७४० (१९५५ पासून), ७४२ (१९६० पासून), विंचेस्टर १०० (१९६१ पासून) आणि ब्राउनिंगची बार (१९६७ पासून) या त्या पिढीतल्या मुख्य.

सावधान: घडण पाहण्यासाठी रायफल खोलू नका. मॉडेल ८ च्या आवरणात मोठ्या स्प्रिंगा दाबून बसवलेल्या असतात. एकदा उडाली की आपल्या तालुक्यात ती परत बसवणारा सापडत नाही.

पायरी ६: अक्षरं वाचणं, आणि पेटंटचा सापळा

कोरड्या टूथब्रशने फक्त धूळ झटका. खडू आडवा धरून अक्षरांवर हलकेच फिरवा आणि वरचा बोटाने पुसा. खाचेत पांढरं राहतं आणि ओळ उमटते. तरी वाचत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसा. हा कागद जपून ठेवा, तो पुढे पुरावा म्हणून फोटोपेक्षा उपयोगी पडतो.

जे दिसतं ते जसंच्या तसं वहीत उतरवा. अर्थ लावू नका. एखादं अक्षर गेलं असेल तिथे टिंब द्या.

आता १९०१ चं कोडं. विंचेस्टरच्या या जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलींवर बहुधा २७ ऑगस्ट १९०१ ही तारीख ठोकलेली असते. रेमिंग्टन मॉडेल ८ वर १९०० आणि १९०२ च्या तारखा असतात. या पेटंटच्या तारखा आहेत, कल्पना कागदावर नोंदवली त्या दिवसाच्या. रायफल त्यानंतर चाळीस वर्षांनीही बनलेली असू शकते. पेटंटची तारीख फक्त एवढंच सांगते की रायफल त्याच्या आधीची नाही.

आमच्याच घरातली गोष्ट. मामांच्या विंचेस्टरच्या परवान्यावर नंबराच्या रकान्यात '१९०१' लिहिलेलं होतं. कधीतरी, कुठल्यातरी कारकुनाने रायफल फिरवून पाहताना पहिला जो आकडा दिसला तो उतरवला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक नूतनीकरणात तोच पुढे चालत आला. खरा नंबर पाच आकडी, रिसीव्हरच्या पुढच्या भागाखाली होता. ही दुरुस्ती करून घ्यायला मामांनी जिल्ह्याला अकरा फेऱ्या मारल्या. तेव्हापासून मी प्रत्येक घरी आधी परवान्यावरचा नंबर पाहतो.

दुसरा सापळा दुकानाच्या नावाचा. कलकत्त्याचे मँटन, आर. बी. रोडा, लायन अँड लायन, मद्रासचे पी. ऑर, आणि आर्मी अँड नेव्ही ही नावं नळीवर सुबक अक्षरांत कोरलेली सापडतात. शिकारी रायफली यांच्याकडून विकल्या जात. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीवर यांचं नाव असेल तर ते विक्रेत्याचं समजा. कारखान्याचं नाव वेगळीकडे, बहुधा लहान ठोकीव अक्षरांत असतं. दोन्ही वेगळ्या ओळींत लिहा.

लहानसहान खुणाही काम करतात. विंचेस्टरने पहिल्या महायुद्धानंतर मॉडेलचे चारऐवजी दोनच आकडे ठोकायला सुरुवात केली. 'मॉडेल ०७' असेल तर रायफल त्या युद्धानंतरची. रेमिंग्टनच्या नावात 'यू.एम.सी.' असेल तर ती साधारण १९१० च्या दशकातली.

पायरी ७: बोर, आणि '.३५' ने घातलेला गोंधळ

परवान्यावर नुसतं '.३५ बोर' लिहिलेलं असतं आणि सगळे समाधानी असतात. पण विंचेस्टरची .३५ सेल्फ-लोडिंग, विंचेस्टरची .३५१ सेल्फ-लोडिंग आणि .३५ रेमिंग्टन ही तीन वेगळी काडतुसं आहेत, एकमेकांच्या जागी न चालणारी.

म्हणून नळीवरचा बोर पूर्ण नावासकट लिहा. विंचेस्टरमध्ये बोरवरूनच मॉडेल ठरतं: .३२ किंवा .३५ सेल्फ-लोडिंग म्हणजे १९०५, .३५१ म्हणजे १९०७, .४०१ म्हणजे १९१०. रेमिंग्टन ८ मध्ये .२५, .३०, .३२ आणि .३५ रेमिंग्टन असे चार बोर आहेत. .३०० सॅव्हेज लिहिलं असेल तर ती ८१ आहे.

विंचेस्टर १९०३ ची गोळी ही आजची .२२ लाँग रायफल नव्हे. ती खास त्याच रायफलीसाठी बनवलेली .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक. परवान्यावर फक्त '.२२' असेल तर ही भर घालायला सांगा.

बोर ठरवण्यासाठी घरातली जुनी काडतुसं चेंबरमध्ये घालून पाहू नका. त्या काडतुसांचीही परवान्यात नोंद लागते, तीही जमा करायच्या यादीत लिहा.

पायरी ८: प्रूफचे शिक्के

नळीच्या बुडाशी, कधी लाकडाच्या कडेला अर्धे झाकलेले, मुगाच्या दाण्याएवढे शिक्के असतात. घरची मंडळी त्यांना 'सरकारी मोहोर' म्हणतात. नळी जादा दाबाने उडवून तपासली, हे सांगणारे ते शिक्के.

अमेरिकन रायफलींवर कारखान्याचाच शिक्का असतो: विंचेस्टरचा अंडाकृतीत 'डब्ल्यू-पी', जो १९०५ मध्ये सुरू झाला, आणि रेमिंग्टनचा 'आर-ई-पी'. यांच्या जोडीला मुकुटाखाली 'बी-पी', 'बी-व्ही', 'एन-पी' ही अक्षरं असतील तर रायफल बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून गेलेली आहे. मुकुटाखाली गुंफलेली 'जी-पी' असतील तर लंडनच्या. म्हणजे माल इंग्लंडमार्गे आला. ब्रिटिश शिक्का एकही नसेल तर ती त्या वाटेने आलेली नसावी, हीसुद्धा माहितीच.

सगळ्यात उपयोगी शिक्का म्हणजे 'नॉट इंग्लिश मेक'. तो १९२५ च्या नियमांनी आला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. हा दिसला की इंग्लंडमधल्या तपासणीचा काळ तीस वर्षांत बांधला गेला. मुकुटाखाली 'बी-एन-पी' अशी तीन अक्षरं असतील तर तपासणी १९५४ नंतरची.

बेल्जियमच्या रायफलींवर अंडाकृतीत 'ई-एल-जी' आणि खाली तारा असतो. १८९३ पासून त्यावर मुकुटही आला. १९२२ पासून लिएजच्या प्रूफ हाउसने दर वर्षासाठी एक अक्षर ठोकायला सुरुवात केली. ते एकटं अक्षर सापडलं तर जपून उतरवा.

लक्षात ठेवा: शिक्का तपासणीचा काळ सांगतो. रायफल त्याआधी काही वर्षं गोदामात किंवा दुसऱ्याच्या हातात असू शकते.

पायरी ९: आता नंबर

नंबर तीन वेळा वाचा, तिसऱ्यांदा उलट बाजूने. इंग्रजी ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ गंजात सारखे दिसतात. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला, तुम्ही काय वाचलं ते न सांगता, वाचायला लावा.

नंबर एकाहून जास्त ठिकाणी असेल तर सगळे लिहा. जुळत नसतील तर एखादा भाग बदललेला आहे. मॅगझिनवरचा, दस्त्याच्या टाचेवरचा किंवा लाकडाच्या आतला आकडा हा रायफलीचा नंबर समजू नका. तो जुळणीचा आकडा असू शकतो.

नंबर आणि मॉडेल मिळालं की कारखान्याच्या वर्षवार नंबर-याद्यांशी ताडून पाहता येतं. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत, मात्र सगळ्या नंबरांच्या नाहीत. यादी मॉडेलनुसार वेगळी असते. १९०७ चा नंबर १९०५ च्या यादीत पाहिला की उत्तर ठामपणे चुकीचं येतं.

रेमिंग्टनमध्ये आणखी एक सोय आहे. १९२१ पासून नळीवर, रिसीव्हरजवळ, दोन छोटी अक्षरं ठोकली जात. पहिलं महिन्याचं. जानेवारी ते डिसेंबर या क्रमाने बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स. दुसरं वर्षाचं. १९२१ एम, १९२२ एन, १९२३ पी, १९२४ आर, १९२५ एस, १९२६ टी, १९२७ यू, १९२८ डब्ल्यू, १९२९ एक्स, १९३० वाय, १९३१ झेड. मग १९३२ ला पुन्हा ए, आणि तसंच पुढे १९३९ ला एच, १९४० ला जे, १९४१ ला के, १९४२ ला एल. उदाहरणार्थ 'के-वाय' म्हणजे मे १९३०. ही तारीख नळीची असते. नळी बदललेली असेल तर बाकीची रायफल जुनी असू शकते.

पायरी १०: बदललेले भाग

विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर, अक्रोडाचं लाकूड सुकून मनगटाशी चिरतं. मग गावच्या सुताराने सागाचा दस्ता करून दिलेला असतो. सागाचे सरळ रेषांचे पट्टे आणि अक्रोडाची गडद, वळणदार नक्षी शेजारी ठेवली की लगेच कळतं. असा दस्ता वाईट नाही, काहींचं काम फार देखणं आहे. पण त्यावरून काळ ठरवू नका. माशी, पट्ट्याची कडी आणि स्क्रू यांचंही तसंच. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर रायफल आधी कोणीतरी उघडली आहे, तेही लिहा.

पायरी ११: काळ ठरवा, पण पट्ट्यात

एका खुणेवरून वर्ष सांगू नका. प्रत्येक खुणेला विचारा: ही 'याच्या आधीची नाही' सांगते, की 'याच्या नंतरची नाही'? वहीत दोन रकाने करा.

मामांची विंचेस्टर घ्या. बोर .३५१, म्हणजे मॉडेल १९०७; १९०७ च्या आधीची नाही. नळीवर दोन आकडी 'मॉडेल ०७'; म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची. बर्मिंगहॅमचे शिक्के आणि 'नॉट इंग्लिश मेक'. तपासणी १९२५ च्या आधीची नाही. दुसऱ्या रकान्यात एकच नोंद, पण भक्कम: परवान्यावरची पहिली तारीख १९३१. म्हणजे रायफल बनली साधारण १९२० ते १९३१ दरम्यान आणि इंग्लंडमधून निघाली १९२५ ते १९३१ दरम्यान. घरात सगळे सांगत, पणजोबांना ती १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी मिळाली. मामांना ते ऐकून वाईट वाटलं. पण दुरुस्तीच्या अर्जात लोखंडावरचं लिहिलं, म्हणून तो अर्ज टिकला.

घरातली आठवण फेकून देऊ नका, वेगळ्या पानावर 'सांगीव माहिती' म्हणून लिहा. एखादा जुना पत्रव्यवहार, दुकानाची पावती, शिकारीच्या फोटोमागची तारीख सापडली की ती दुसऱ्या रकान्यात जाते.

पायरी १२: टिपण आणि परवान्याशी मेळ

शेवटी एका पानावर हे लिहा: कारखाना, मॉडेल, बोर पूर्ण नावासकट, नंबर आणि तो कुठे ठोकलाय ती जागा, विक्रेत्याचं नाव असल्यास वेगळं, प्रूफचे शिक्के, बदललेले भाग, काळाचा पट्टा. सोबत फोटो आणि पेन्सिलीचे छाप.

हे पान परवान्यासमोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर परवान्यावर स्वतः खाडाखोड करू नका. परवाना देणाऱ्या कार्यालयात दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि रायफल कधी, कुठे दाखवायला आणायची ते त्यांच्याकडून लेखी घ्या. न विचारता ती एस.टी.त टाकून जिल्ह्याला नेऊ नका. परवान्याला मिळालेला ओळख क्रमांक, म्हणजे यू.आय.एन., आणि ऑनलाइन नोंदीतलं वर्णन हेही त्याच दिवशी तपासा. पुस्तकात दुरुस्ती होते आणि संगणकात जुनाच नंबर राहतो, असं मी दोन घरांत पाहिलंय.

निवडणुकीत शस्त्रं जमा करायचा आदेश आला तर पोचवर हाच दुरुस्त नंबर लिहिला जातोय याकडे उभं राहून लक्ष द्या. परत आणल्यावर रायफल खोळीत घालू नका. कोरड्या सुती कापडावर, भिंतीपासून हातभर दूर, कुलपाच्या कपाटात ठेवा आणि टिपणाची एक प्रत परवान्याच्या पुस्तकात लावून टाका.